जुना ट्रॅक्टर, बॅटरी आणि तार

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांत गांवोगांव एकच तक्रार ऐकूं येते. ट्रॅक्टर उभा आहे, डिझेल भरलेलें आहे, पेरणीयंत्र मागें जोडलेलें आहे, आणि सेल्फ मारला असतां एंजिन दोन आचके देऊन थांबतें. मग चार माणसें गोळा होतात, ट्रॅक्टर उतारावर ढकलीत नेतात, कोणी शेजाऱ्याची बॅटरी मागून आणतो, आणि सायंकाळीं घरधनी तालुक्याच्या गांवीं जाऊन कित्येक हजारांची नवी बॅटरी घेऊन येतो. ती बसविल्यावर एंजिन चालू होतें व सर्वांस समाधान वाटतें. परंतु पुढें हरभरा-गव्हाच्या पेरणीस तोच प्रकार पुन्हां सुरू होतो, आणि दोष बॅटरी विकणाराच्या माथीं मारला जातो.

आमचें म्हणणें असें कीं, पुष्कळ ठिकाणीं दोष बॅटरीचा नसतो. तो बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणाऱ्या तारेचा, आणि त्याहूनही अधिक वेळां एंजिनाच्या अंगास जोडलेल्या अर्थच्या तारेचा असतो. नवी बॅटरी आपल्या जोरावर कांहीं महिने हा दोष झांकून ठेविते, एवढेंच. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी असें शेतकी खात्याचें सांगणें असतें, आणि असा पाऊस झाल्यावर वाफसा किती दिवस टिकेल याचा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं. त्या दिवसांत ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तर नुकसान बॅटरीच्या किंमतीहून मोठें होतें. आणि ज्यांची स्वतःची पेरणी थोडी व भाड्याची अधिक, त्यांचें तर गिऱ्हाईकच दुसरीकडे जातें.

आमच्याकडे जुने ट्रॅक्टर अद्याप पुष्कळ राबत आहेत. महिंद्राचा बी-२७५, झेटरच्या धर्तीवर एच.एम.टी.नें १९७१ सालापासून काढलेले ट्रॅक्टर, १९७४ सालीं पंजाबांत निघालेला स्वराज, मॅसी फर्ग्युसन, फोर्ड, अशीं नांवें शेतकऱ्यांच्या तोंडीं घरच्या बैलांच्या नांवांसारखीं असतात. यांपैकीं कांहींची माहितीपुस्तिका केव्हांच हरवलेली असते. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर-कारखाना तर बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला, तेव्हां तेथून नवें पुस्तक येण्याची आशा नाहीं. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणें अवश्य आहे.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. आंत घेतलेली हवा दट्ट्यानें दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्शांत कोंबली म्हणजे ती इतकी तापते कीं, त्यांत फवारलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. परंतु ही दाबण्याची क्रिया जलद झाली पाहिजे. एंजिन मंद फिरलें तर हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती पिऊन टाकतात, झिजलेल्या रिंगांतून हवा निसटते, आणि धुराड्यांतून पांढरा धूर तेवढा निघतो. १९४६ सालीं खडकीस किर्लोस्करांचा ऑइल एंजिनांचा कारखाना निघाल्यानंतर आपल्या विहिरींवर जीं एंजिनें आलीं, तीं हँडल मारून सुरू करणाऱ्या जुन्या मंडळींस हें सांगावें लागत नाहीं. ते आधीं खटका उचलून दाब सोडीत, चाकास चांगली गति देत, आणि मगच खटका सोडीत. गति नसतां खटका सोडला तर चाक जागीं थांबे. ट्रॅक्टरावर हेंच काम सेल्फला करावें लागतें, आणि तेंही दाब न सोडतां. मिनिटास सुमारें शंभर ते दीडशें फेरे मिळाल्यावांचून थंड एंजिन पेटण्याची आशा धरूं नये.

आतां सेल्फला यासाठीं काय लागतें तें पाहूं. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरी एंजिनाचा सेल्फ फिरत असतां सुमारें २०० ते ३०० अँपियर प्रवाह ओढतो. अगदीं पहिल्या क्षणीं, एंजिन स्थिर असतां, तो याच्या दुपटीपर्यंतही जातो. घरांतील पंखा पुरा एक अँपियरही ओढीत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळेल. पण ही ओढ किती वेळ? ठीक असलेलें एंजिन पांच सेकंदांत पेटतें. पांच सेकंद २५० अँपियर म्हणजे एक-तृतीयांश अँपियर-तासाहून किंचित् अधिक खर्च झाला. ७५ अँपियर-तासांच्या बॅटरींतून एवढीशी वीज गेली, ती डायनामो कांहीं मिनिटांत भरून काढतो.

येथेंच बहुतेकांची समजूत चुकते. बॅटरींत सांठा किती, हा मुख्य प्रश्न नव्हे. तो किती जोरानें बाहेर पडतो आणि त्यांतील किती सेल्फपर्यंत पोंचतो, हा प्रश्न आहे. विहीर तुडुंब भरलेली असली तरी अर्ध्या इंचाच्या नळीनें मळा भिजत नाहीं. बॅटरी ही विहीर आणि तार ही नळी.

बारा व्होल्टांची बॅटरी हा ओढा सुरू होतांच सुमारें दहा-साडेदहा व्होल्टांवर येते. तें साहजिक आहे. या उरलेल्या दाबांतून तार आपला वांटा कापून घेते. तो किती, याचा हिशेब सोपा आहे. ३५ चौरस मिलिमीटर छेदाच्या शुद्ध तांब्याच्या तारेंतून २५० अँपियर जात असतां दर मीटरास व्होल्टाचा आठवा हिस्सा खर्च होतो. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची तार व अर्थची तार मिळून तीन मीटर धरल्यास ०.३७ व्होल्ट गेला. हें चालण्यासारखें आहे. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची असेल तर ०.८ व्होल्टाहून अधिक जातो. ५० ची घातली तर पाव व्होल्टांतच काम भागतें. तार ३५ चीच परंतु ॲल्युमिनियमची असली तर नुकसान तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे ०.६ व्होल्ट होतें. दहा व्होल्टांतून पाऊण-एक व्होल्ट तारेनें खाल्ला आणि वर सैल, किटलेले चार सांधे असले म्हणजे सेल्फच्या हातीं आठच व्होल्ट उरतात. तो मग आचके देणार नाहीं तर काय करील? म्हणून आमची शिफारस अशी कीं, जुन्या ट्रॅक्टरास ३५ हून कमी छेदाची तार घालूं नये. आणि बॅटरी दूर बसविलेली असेल, उदाहरणार्थ बैठकीखालीं, तर ५० चीच घालावी.

बाजारांत तार घेतांना डोळ्यांवर विश्वासूं नये. वरचें रबर किंवा प्लॅस्टिक जाड आणि आंत तांबें बोटाच्या नखाएवढें, अशी तार पुष्कळ विकली जाते. वरून तांब्याचा मुलामा व आंत ॲल्युमिनियम असाही माल असतो. त्याची परीक्षा दोन प्रकारें करतां येते. एक तर टोंकाच्या दोन-चार तंतूंस चाकूनें खरवडावें. आंत पांढरें दिसलें तर तें तांबें नव्हे. दुसरी परीक्षा तराजूची, आणि ती आम्हांस अधिक पसंत आहे. ३५ चौरस मिलिमीटरच्या नुसत्या तांब्याचें वजन दर मीटरास सुमारें ३१० ग्रॅम भरतें, ५० च्या तारेचें सुमारें ४५०. ॲल्युमिनियम असेल तर ३५ ची तार शंभर ग्रॅमही भरत नाहीं. वरच्या आवरणाचें वजन यांत धरलेलें नाहीं; दुकानदाराजवळ सोललेला तुकडा असेल तर तोच तोलावा. तोलूं देण्यास जो कुरकुरतो त्याच्याकडून तार घेऊं नये.

वेल्डिंगची तार पुष्कळ मिस्त्री वापरतात. ती बारीक तंतूंची व लवचीक असल्यामुळें एंजिनाच्या हादऱ्यांस टिकते, तेव्हां ती तांब्याची असल्यास वापरण्यास हरकत नाहीं. मात्र तिच्या साध्या रबरास डिझेल व तेल सोसत नाहीं. म्हणून वरून नळी चढवावी आणि जेथें पत्र्याची धार लागते तेथें रबरी वाटी बसवावी. ही तार पत्र्यास घांसून उघडी पडली तर ट्रॅक्टर जळण्यास क्षणही पुरत नाहीं. टोंकाचे लग तांब्याचे, कल्हई केलेले व छेदाच्या मापाचे असावेत, आणि ते दाबयंत्रानें दाबून बसवावेत. छिन्नी-हातोड्यानें चेपलेला लग पहिल्या वर्षीं चालतो, दुसऱ्या वर्षीं आंतून काळा पडतो. बॅटरीच्या खुंटीवर टर्मिनल सैल होतें म्हणून मध्यें खिळा किंवा पत्र्याची चिंधी ठोकण्याची जी चाल आहे, ती तर साफ सोडून द्यावी. खिळ्यापुरतेंच धातूस धातू लागतें, बाकी सर्व पोकळ राहतें, आणि शिशाची खुंटी फाटून निराळी दुखापत होते. नवें टर्मिनल फार महाग नसतें.

अर्थच्या तारेकडे कोणीच पाहत नाहीं. सेल्फला गेलेला सर्व प्रवाह याच वाटेनें बॅटरीकडे परत यावयाचा असतो, त्यामुळें ही तार दुसरीइतकीच जाड हवी. ती पत्र्यावर किंवा बॅटरीच्या पेटीवर न जोडतां शक्यतों थेट सेल्फच्या बोल्टास अगर एंजिनाच्या ठोकळ्यास जोडावी. दसऱ्यास ट्रॅक्टराची पूजा करण्यापूर्वीं हौसेनें रंग देण्याची पद्धत आहे. रंगारी सर्व ट्रॅक्टर सारखाच रंगवितो, आणि अर्थचा बोल्ट रंगावरच आवळला जातो. रंगांतून वीज जात नाहीं. मग प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि ॲक्सिलरेटरची किंवा बंद करण्याची पोलादी तार गरम होऊं लागते. सेल्फ मारतांना अशी एखादी तार तापलेली आढळली, तर अर्थ गेला असें बेलाशक समजावें. त्या जागेचा रंग कानसेनें काढून धातु चकचकीत करावा, खांचेदार वायसर घालून बोल्ट आवळावा, आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावें. आधीं लावूं नये.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करून उभें आयुष्य घालविलें. तेथें पंचनामा झाल्यावांचून नुकसानीचा आंकडा कोणी लिहीत नाहीं; निदान लिहूं नये असा नियम आहे. बॅटरीस दोषी ठरविण्यापूर्वींही असाच पंचनामा करावा. त्यास साधा मल्टीमीटर पुरतो, आणि तो चार शेतकऱ्यांनीं मिळून घेतला तरी चालेल. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टराची बॅटरी सकाळीं मोजावी. १२.६ व्होल्ट असतील तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ असतील तर अर्धी; बाराच्या खालीं असेल तर ती आधीं चार्ज केल्यावांचून पुढची परीक्षा व्यर्थ आहे. नंतर गिअर न्यूट्रलमध्यें टाकून, डिझेल बंद करण्याचा दांडा ओढून धरून, एका माणसानें बैठकीवर बसून सेल्फ दाबावा आणि दुसऱ्यानें आंकडे वाचावेत. मीटरचीं टोंकें बॅटरीच्या दोन खुंट्यांवर धरलीं असतां साडेनऊ-दहाच्या वर आंकडा राहिला पाहिजे. मग एक टोंक ऋण खुंटीवर, टर्मिनलावर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरें एंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरावें. येथें ०.२ पर्यंत आंकडा ठीक. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला तर चोर सांपडला. त्याचप्रमाणें धन खुंटी व सेल्फचा तांब्याचा बोल्ट यांमध्यें मोजावें. अर्ध्या व्होल्टाहून अधिक असेल तर ती तार, तिचे लग किंवा सोलेनॉइड यांत दोष आहे. बॅटरी दहाच्या वर आहे, तारांत कांहीं जात नाहीं, तरी एंजिन मंद फिरतें, असें असेल तर सेल्फचे कार्बन व बुश पाहावेत. बुश झिजला म्हणजे आर्मेचर घांसतें. या सर्व तपासणीस पाव तास लागतो.

बॅटरीच खराब ठरली तर नवी घेतांना मूळ पुस्तकांत सांगितलेल्या मापाहून कमी घेऊं नये. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांस बहुधा ७५ ते १०० अँपियर-तासांची बॅटरी बसते. थोडी मोठी घेतल्यानें सेल्फ जळतो ही समजूत खोटी आहे. सेल्फ आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. परंतु पेटींत ती नीट बसली पाहिजे, धन-ऋण खुंट्या योग्य बाजूस आल्या पाहिजेत, आणि वरून पट्टीनें घट्ट आवळतां आली पाहिजे. नांगरटींत बॅटरी पेटींत नाचूं लागली म्हणजे पट्ट्यांवरील लगदा गळून तळाशीं बसतो आणि बॅटरी आंतून जोडली जाऊन मरते.

हल्लीं घरोघरीं इन्व्हर्टर झाल्यामुळें त्याची बॅटरी काढून ट्रॅक्टरास लावण्याचा मोह होतो. १५० अँपियर-तासांची ती बॅटरी पाहून माणसास वाटतें कीं, हिच्यापुढें काय अडेल? पण ती हळूहळू पुष्कळ वेळ वीज देण्यासाठीं केलेली असते. तिच्या पट्ट्या जाड व नळीदार असतात. एकदम तीनशें अँपियर देण्याचें काम तिचें नव्हे, आणि हादरेही तिला सोसत नाहींत. वाहनाच्या बॅटरींत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात, म्हणून ती एकदम जोर देते. शिशाच्या बॅटरीचा शोध प्लांतें या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं लावला, तेव्हांपासून पट्टीचें पृष्ठ जितकें अधिक तितका प्रवाह अधिक, हा नियम कांहीं बदललेला नाहीं. दुकानांत अँपियर-तासांबरोबर थंडींत एंजिन फिरविण्याचा आंकडाही छापलेला असेल तर तो वाचावा, आणि दोन सारख्या बॅटऱ्यांत तो जिचा मोठा ती घ्यावी. बॅटरी कोणत्या महिन्यांत तयार झाली हेंही विचारावें; वर्षभर फळीवर पडलेली बॅटरी नवी म्हणतां येत नाहीं.

आमच्या जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग, आणि बॅटरीचे रोगही त्याप्रमाणें निराळे. चिखली-मेहकर-बुलढाण्याकडे पौष-माघांत पहाटे गारठा असतो. त्या वेळीं बॅटरीचा जोर कमी होतो आणि एंजिनाचें तेल दाट होतें, म्हणून तिकडे दुखणें हिवाळ्यांत दिसतें. खामगांव, मलकापूर, नांदुऱ्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळीसच्या वर जातो. बॅटरीचें आयुष्य खरोखर उन्हाळाच खातो: दर दहा अंश उष्णता वाढली कीं आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा ठोकताळा आहे. उन्हाळ्यांत अशक्त झालेली बॅटरी मृगांत उघडी पडते. म्हणून चैत्र-वैशाखांत ट्रॅक्टर सावलींत उभा करावा आणि बॅटरीचें पाणी दर पंधरवड्यास पाहावें.

हें पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाणीच. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत, म्हणजे संग्रामपूर, जळगांव-जामोद, शेगांव, नांदुरा या भागांत, विहिरीचें पाणी पिकासही सोसत नाहीं. तें बॅटरींत घातल्यास क्षारांनीं पट्ट्या लवकरच खराब होतात. पट्ट्यांच्या वर बोटभर, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर, पाणी असावें. कमी झालेल्या बॅटरींत आम्ल कधींही घालूं नये. उडून जातें तें पाणी, आम्ल आंतच राहतें. हायड्रोमीटर असेल तर भरलेल्या बॅटरीच्या प्रत्येक कप्प्यांत १.२५ ते १.२८ घनता दिसावी. पांच कप्पे सारखे व एक त्यांहून ०.०५ नें उतरता, असें दिसलें तर तो कप्पा गेला. अशी बॅटरी कितीही चार्ज केली तरी उपयोग नाहीं.

कांहीं जुन्या ब्रिटिश धर्तीच्या ट्रॅक्टरांत धन खुंटी एंजिनाच्या अंगास जोडलेली असते. मागें कोणी ती बदलली असेल किंवा नसेल. म्हणून बॅटरी काढण्यापूर्वींच कोणती तार कोठें होती तें खडूनें लिहून ठेवावें. डायनामोचा ट्रॅक्टर मंद गतीवर चालत असतां बॅटरी भरत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. एंजिन मध्यम गतीवर ठेवून खुंट्यांवर सुमारें १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. बारावरच आंकडा अडला तर नव्या बॅटरीचीही गति तीच होईल.

आतां एक गोष्ट निक्षून सांगावयाची ती अशी. सेल्फ लागत नाहीं म्हणून दोन चाकांच्या मध्यें उभें राहून पेचकसानें सेल्फचे दोन बोल्ट जोडण्याची पद्धत फार पसरली आहे. जुन्या ट्रॅक्टरास गिअर लागलेला असतां सेल्फ बंद ठेवणारा खटका नसतो. गिअरांत राहिलेला ट्रॅक्टर त्या पेचकसासरशीं पुढें निघतो आणि मागचें चाक जोडणाराच्या अंगावरून जातें. एंजिन पेटलें म्हणजे तो थांबतही नाहीं. असे मृत्यू कोणत्या गांवीं घडले हें लिहिण्याची गरज नाहीं. वाचकांस आपापल्या भागांतलें आठवेल. घरांतील मुलांस आणि मजुरांस ही पेचकसाची युक्ति शिकवूं नये, आणि बटण बिघडलें असेल तर तें त्याच दिवशीं बदलावें. रोज उतारावर लावून सुरू करण्याची संवयही याच जातीची आहे. जुन्या ट्रॅक्टराचे ब्रेक आपल्याला ठाऊक असतातच.

दुसऱ्याची बॅटरी जोडावयाची असेल तर ती बारा व्होल्टांचीच असावी. दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडून चोवीस व्होल्टांचा तडाखा देणारे मिस्त्री आहेत. त्यानें एंजिन पेटतें खरें, पण दिवे, कटआउट आणि सेल्फचे दांते यांची आयुष्यमर्यादा कमी होते. प्रथम धनास धन जोडावें. नंतर दुसऱ्या तारेचें एक टोंक चांगल्या बॅटरीच्या ऋणास आणि शेवटचें टोंक बंद ट्रॅक्टराच्या एंजिनावर, बॅटरीपासून दूर, लावावें. ज्या ट्रॅक्टराची धन खुंटी अंगास जोडलेली आहे, त्यास ही रीत लागू नाहीं. चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, आणि शेवटच्या टोंकाशीं ठिणगी ही पडतेच. ती झांकणाशेजारीं पडली तर बॅटरी फुटून आम्ल डोळ्यांत जातें. बिडी तर दूरच राहूं द्यावी. हातांतील कडें व अंगठी काढून ठेवावी. बॅटरी काढतांना अंगास जोडलेली तार आधीं सोडावी, बसवितांना ती शेवटीं जोडावी, म्हणजे पान्यानें अपघात होत नाहीं. सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांपेक्षां जास्त दाबूं नये, आणि मध्यें मिनिटभर थांबावें.

पेरणी संपल्यावर ट्रॅक्टर महिना-दीड महिना उभा राहणार असेल तर अर्थची तार सोडून ठेवावी, आणि महिन्यांतून एकदां बॅटरी पूर्ण चार्ज करावी. रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण पापुद्रा धरतो, आणि तो मग सहसा उतरत नाहीं. जुनी बॅटरी फोडून शिसें काढण्याच्या भानगडींत पडूं नये. तें विष विहिरीच्या पाण्यांत उतरतें. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बॅटरी बाजारांत आणणारांवर आहे, आणि नवी घेतांना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो. ते किती वजा केले, बॅटरीचा क्रमांक काय आणि हमी किती महिन्यांची, हें पावतीवर दुकानांतच लिहून घ्यावें.